खेळ संपल्यानंतरचं आयुष्य : झहीर खानच्या निमित्ताने

गेल्या वर्षी नवरात्रात केडगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाच्या रांगेत एक जोडपं भेटलं. त्यांचा मुलगा कधीकाळी आमच्या शाळेत होता. आता दहावीला आहे आणि डाव्या हाताने वेगात चेंडू टाकतो. वडिलांचं पुणे रस्त्यावर छोटं दुकान. मुलाला पुण्याच्या एखाद्या क्रिकेट अकादमीत टाकावं, त्यासाठी घराशेजारचा गुंठाभर मोकळा तुकडा विकावा, असं त्यांच्या मनात होतं. मी तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, म्हणून सल्ला विचारला. "सर, आपल्याच जिल्ह्यातला झहीर खान झाला ना? मग आपला का नाही होणार?" वडील म्हणाले. आई तोवर गप्प होती. रांग पुढे सरकली तशी ती हळूच म्हणाली, "खेळंल तवर खेळंल सर. पण पुढं काय?"

वडिलांचा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो. आईचा प्रश्न मला फारसं कुणी विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही तो स्वतःला विचारला नव्हता. व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द किती वर्षांची असते, ती कशाने संपते आणि संपल्यावर त्याच्या हातात काय उरतं, याचा शोध घेण्याचा प्रयत्न मी वर्षभर केला. हा लेख त्यातून झाला. उदाहरण म्हणून झहीरच घेतला, कारण तो आपल्या मातीतला आहे आणि त्याच्या कारकिर्दीची जवळजवळ प्रत्येक पायरी नोंदलेली आहे.

श्रीरामपूर ते क्रॉस मैदान

झहीरचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजी श्रीरामपूरला झाला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. ऊस आणि साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात तेव्हा क्रिकेट म्हणजे टेनिसच्या चेंडूवरच्या स्पर्धा. टर्फची खेळपट्टी, शास्त्रशुद्ध प्रशिक्षक, निवड समितीच्या नजरेत येण्याची सोय, यांतलं काहीही जवळ नव्हतं. अभियांत्रिकीला जाण्याइतका अभ्यास त्याच्याकडे होता. तरी सतराव्या वर्षी वडील त्याला मुंबईला घेऊन गेले आणि क्रॉस मैदानावरच्या नॅशनल क्रिकेट क्लबात सुधीर नाईक यांच्या हाती सोपवून आले. मुंबईत तो रुग्णालयात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाच्या लहानशा खोलीत राहिला.

पुढे टी. ए. शेखर यांची नजर त्याच्यावर पडली आणि तो चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. १९८७ साली सुरू झालेल्या या संस्थेत डेनिस लिली यांच्यासारखा गुरू होता. मुंबईच्या संघात जागा मिळवण्यासाठी रांगेत उभं राहण्यापेक्षा त्याने बडोद्याकडून रणजी खेळणं पत्करलं. २०००-०१ च्या अंतिम सामन्यात त्याने ८ बळी घेतले आणि बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवून करंडक जिंकला. त्याआधीच, ऑक्टोबर २००० मध्ये, नैरोबीत केनियाविरुद्ध त्याचं एकदिवसीय पदार्पण झालं होतं. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्याने भारताची कसोटी टोपी घातली.

इथवरची गोष्ट केडगावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण वडिलांच्या मनातलं गणित इथेच चुकतं. या वाटेवरच्या प्रत्येक वळणावर एक माणूस उभा होता: वडील, सुधीर नाईक, शेखर, लिली. यांतला एकही कमी असता तर पुढचं वळण आलंच नसतं. गुण सगळ्यांत मोठा खरा, पण तो एकटा श्रीरामपूरहून नैरोबीला पोहोचवत नाही. शिवाय झहीरला ती माणसं भेटली, म्हणून आपल्याला त्याचं नाव माहीत आहे. ज्यांना भेटली नाहीत त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत, म्हणून ती आपल्या हिशोबात येत नाहीत.

शरीराचं भांडवल

वेगवान गोलंदाजी ही माणसाच्या शरीराच्या सोयीची गोष्ट नाही. धावत आलेला गोलंदाज पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार घोटा, गुडघा आणि कंबर यांवर एका क्षणात येतो. त्याच क्षणी पाठीचा कणा मागे वाकलेला असतो, एका बाजूला कललेला असतो आणि पीळही घेत असतो. कण्याच्या खालच्या मणक्यांच्या मागे हाडाचा एक अरुंद भाग असतो. सारा ताण तिथे साठतो आणि हळूहळू बारीक चीर पडते. बहुतेकदा ही चीर गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असते. वयात येणाऱ्या मुलाचं हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं, म्हणून धोका त्यालाच सर्वांत जास्त.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे स्वतः लिली. १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात त्यांच्या पाठीच्या मणक्यांना अशाच चिरा गेल्या. लांबलचक विश्रांती, व्यायाम आणि बदललेली शैली यांच्या जोरावर ते १९७४-७५ च्या अ‍ॅशेस मालिकेत परतले. आपल्याकडच्या मुलांना शिकवायला आलेला माणूस पाठ मोडून परत उभा राहिलेला होता, याला मी फार महत्त्व देतो.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगा होता. चौदा वर्षांचा, उंच, विलक्षण वेग. आंतरशालेय सामन्यांत मी त्याच्याकडून सलग दहा-दहा षटकं टाकून घेत असे, कारण तो आम्हाला जिंकून देत असे. कंबर दुखते म्हणाला तेव्हा मी तेल चोळायला सांगितलं. सतराव्या वर्षी त्याचं वेगवान गोलंदाजी करणं कायमचं थांबलं. आज तो नागापूरच्या एमआयडीसीत काम करतो, भेटला की पाया पडतो, आणि मला त्याच्या डोळ्यांत बघवत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या नियमावलीत पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका हप्त्यात ६ आणि दिवसात १२ षटकांची मर्यादा घातलेली आहे, हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं. साधी चार ओळींची माहिती. ती मला वेळेवर असती तर एका मुलाची पाठ वाचली असती.

दोन अंतिम सामने आणि मधली आठ वर्षं

झहीरची कारकीर्द समजून घ्यायची तर दोन सामने शेजारी ठेवावेत. २३ मार्च २००३, जोहान्सबर्ग, विश्वचषकाचा अंतिम सामना. चोवीस वर्षांच्या झहीरचं पहिलंच षटक १५ धावांचं गेलं. ७ षटकांत ६७ धावा, बळी एकही नाही. त्याच स्पर्धेत त्याने १८ बळी घेतले होते, पण लोकांच्या लक्षात ते षटक राहिलं. २ एप्रिल २०११, वानखेडे, पुन्हा अंतिम सामना. बत्तीस वर्षांच्या झहीरने पहिली तीन षटकं निर्धाव टाकली आणि पहिल्या हप्त्यात ५ षटकांत ६ धावा देऊन एक बळी घेतला. स्पर्धेत २१ बळी, शाहिद आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. आणि ती खेळपट्टी तयार केली होती सुधीर नाईक यांनी, ज्यांच्याकडे सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला सोडलं होतं त्यांनीच.

दोन्ही सामन्यांतला माणूस एकच असला तरी गोलंदाज वेगळे होते. मधे काय घडलं? दुखापती घडल्या, संघाबाहेर जाणं घडलं. २००५ च्या अखेरीस मंडळाच्या करारात त्याची श्रेणी 'ब' वरून 'क' वर घसरली. पुष्कळ खेळाडूंची कारकीर्द इथे संपते. कुणी जाहीर करत नाही, फक्त बोलावणं येणं बंद होतं. झहीर २००६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. दूरदर्शनवर न दिसणारं, रोजच्या रोज राबायचं क्रिकेट. एका हंगामात त्याने ७८ बळी घेतले, एसेक्सविरुद्ध एकाच डावात १३८ धावांत ९. पण खरी कमाई आकड्यांत नव्हती. त्याने धाव आखूड केली, चेंडू सोडण्यापूर्वीची उडी काढून टाकली आणि शरीरावरचा भार कमी केला. वेग थोडा गेला, ताबा आला. जुना चेंडू उलटा वळवणं, चेंडू धरलेला हात फलंदाजापासून लपवणं, बोटांच्या पेरांत धरून टाकलेला संथ चेंडू, ही हत्यारं हळूहळू भात्यात जमली. २००७ साली ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत ९ बळी घेऊन तो सामनावीर ठरला आणि ती मालिका भारताने इंग्लंडमध्ये जिंकली. २०११ च्या उपांत्यपूर्व सामन्यात मायकेल हसीचा त्रिफळा उडाला तो त्या संथ चेंडूवर.

म्हणजे झहीरच्या दोन कारकिर्दी झाल्या. पहिली ताकदीची, दुसरी समजुतीची. शरीर कुरकुरायला लागल्यावर जो खेळाडू आपलाच खेळ नव्याने शिकतो, त्याला दुसरी कारकीर्द मिळते. हे शिकणं मात्र पडत्या काळात, कुणी पाहत नसताना करावं लागतं.

निवृत्ती कशी येते

निवृत्ती एका दिवशी जाहीर होते, पण ती येते हप्त्याहप्त्याने. विश्वचषक जिंकून चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीच्या मागचा स्नायू दुखावून झहीर मैदानाबाहेर गेला. टाकलेली षटकं होती १३.३. त्यानंतर घोट्याची शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये शेवटचा एकदिवसीय सामना, त्याच वर्षी शेवटचा ट्वेंटी-२०. डिसेंबर २०१२ मध्ये कसोटी संघातूनही वगळलं गेलं. २०१३ साली युवराज सिंगबरोबर फ्रान्सला जाऊन त्याने काही आठवडे फक्त शरीरावर मेहनत घेतली आणि चौतिशी उलटून गेल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यासाठी संघात परतला. जोहान्सबर्गला जॅक कॅलिस हा त्याचा कसोटीतला तीनशेवा बळी. त्याच्याआधी भारताकडून हा टप्पा कपिल देव, अनिल कुंबळे आणि हरभजन सिंग एवढ्यांनीच गाठला होता.

फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला तो शेवटची कसोटी खेळला. ब्रेंडन मॅकलमने ३०२ धावा केल्या तो हा सामना. पस्तीस वर्षांच्या झहीरने त्या डावात ५१ षटकं टाकली, १७० धावांत ५ बळी. शेवटच्या डावातही पाच बळी घेणारा माणूस पुन्हा कधी कसोटी खेळला नाही. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी त्याने आंतरराष्ट्रीय निवृत्ती जाहीर केली, सदतीस वर्षं पूर्ण झाल्यावर आठव्या दिवशी. कारण त्याने सरळ सांगितलं: नव्या हंगामाची तयारी करताना लक्षात आलं, की दिवसाला अठराएक षटकांचा भार शरीर आता झेलणार नाही. खात्यावर ९२ कसोटींत ३११ आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी.

सदतिसाव्या वर्षी माझी शाळेतली नोकरी अर्ध्यावरही आली नव्हती. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो, तेव्हा मुलं शिकून लागलेली, निवृत्तिवेतन सुरू. खेळाडू ज्या वयात निवृत्त होतो त्या वयात इतरांची उमेद सुरू होते. पुढे किमान तीस-पस्तीस वर्षं जगायचं असतं, आणि लहानपणापासून ज्या एकाच गोष्टीने ओळख दिली ती गोष्ट हातातून गेलेली असते.

जगात इतरत्र

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल हा सर्वांत श्रीमंत खेळ आहे. तिथल्या खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबाने तिथली सरासरी कारकीर्द साधारण सव्वातीन वर्षांची असते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क तीन हंगाम भरल्यावर मिळतो. म्हणजे हक्क मिळतो न मिळतो तोच खेळ संपतो. २०१५ साली तिथल्या अर्थतज्ज्ञांनी १९९६ ते २००३ या काळात निवडल्या गेलेल्या खेळाडूंचा माग काढला. निवृत्तीनंतर बारा वर्षांच्या आत जवळपास १६ टक्क्यांनी दिवाळखोरी जाहीर केली होती. विशेष म्हणजे ज्यांनी जास्त कमावलं किंवा जास्त वर्षं खेळलं तेही यातून फारसे सुटले नव्हते. थोड्या वर्षांत आलेला पैसा आयुष्यभर पुरवायचा असतो, हे विशीतल्या माणसाला सहसा समजत नाही.

शरीराचा हिशोब तर आणखी कठोर. माइक वेबस्टर हा नावाजलेला खेळाडू २००२ साली वारला, तेव्हा डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली आणि डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी झालेला विकार दाखवून दिला. पुढे हजारो माजी खेळाडूंनी दावे लावले. २०१९ साली अँड्र्यू लक हा अव्वल खेळाडू वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, सततच्या दुखापतींना कंटाळून निवृत्त झाला. बातमी फुटली तेव्हा मैदानावर हजर असलेल्या त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. खेळाडूचं शरीर आपल्या मालकीचं आहे असं प्रेक्षकाला वाटतं, ते तिथेही आणि इथेही.

आपल्याकडचा जुना आणि नवा रस्ता

आपल्याकडे पूर्वी खेळाडूच्या पाठीशी नोकरी असे. मुंबईत टाइम्स शील्ड खेळणाऱ्या कंपन्या क्रिकेटपटूंना कामावर घेत. कबड्डीपटू रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांत लागत. पैलवान पोलिसांत जात. पैसा बेताचा, पण अठ्ठावन्नपर्यंत पगार. अर्थात हा रस्ता काही फुलांचा नव्हता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पोलिसांत उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली ती १९५५ साली. सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावं लागलं. १९८४ साली अपघातात ते गेले. आज त्यांच्या जन्मदिनी, १५ जानेवारीला, राज्य क्रीडा दिन साजरा होतो. हयातीत जे द्यायचं ते आपण जयंतीला देतो.

नवा रस्ता कराराचा आहे. आयपीएल २००८ ला आली, प्रो कबड्डी २०१४ ला. आपल्याच जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याने पुण्याला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. पुढच्याच हंगामात गुडघ्याच्या दुखापतीने त्याला अर्ध्यातून बाहेर बसावं लागलं. नव्या रस्त्यावर पैसा अनेक पट आहे, पण तो हंगामापुरता आहे.

क्रिकेटपुरती थोडी सोय झाली आहे. मंडळाची माजी खेळाडूंसाठीची निवृत्तिवेतन योजना २००४ सालची. जून २०२२ पासून त्यात वाढ होऊन प्रथम श्रेणी खेळाडूंचे दरमहा १५ हजारांचे ३० हजार झाले, तर माजी कसोटीपटूंना त्यांच्या गटाप्रमाणे ६० किंवा ७० हजार मिळू लागले. पण प्रथम श्रेणीचे ठरावीक सामने खेळल्याशिवाय त्या यादीत नाव जात नाही. जिल्ह्याच्या संघापर्यंत पोहोचलेला, दहा वर्षं खर्ची घातलेला मुलगा कुठल्याच यादीत नसतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याचा आधार असतो. पण त्यासाठी प्रमाणपत्रं जपावी लागतात आणि परीक्षेला बसण्याइतकं शिकलेलं असावं लागतं.

झहीरचं काय झालं? तो खेळत असतानाच व्यायाम-प्रशिक्षणाच्या आणि उपाहारगृहाच्या व्यवसायात उतरला होता. निवृत्तीनंतर दोन हंगाम दिल्लीच्या आयपीएल संघाचं नेतृत्व केलं, मग मुंबई इंडियन्समध्ये क्रिकेट संचालक, पुढे २०२४ मध्ये लखनौ संघाचा मार्गदर्शक. मधे २०२० मध्ये पद्मश्री. म्हणजे निवृत्तीनंतरची तयारी त्याने निवृत्तीपूर्वीच सुरू केली होती.

त्या आईला

सोयीसाठी माझे निष्कर्ष मी तीन वाक्यांत मांडतो. कारकीर्द गुणाने सुरू होते, पण शरीर सांभाळल्यावरच टिकते. ती केव्हा थांबेल हे खेळाडूच्या हातात नसतं, ती थांबेल हे मात्र नक्की असतं. म्हणून खेळ संपल्यावरचं आयुष्य खेळ सुरू होतानाच आखावं लागतं.

यंदाच्या दिवाळीपूर्वी मी त्या घरी गेलो. तुकडा विकू नका म्हणालो. मुलाला खेळू द्या, इथेच, वाडिया पार्कवर आणि जिल्ह्याच्या सामन्यांत. दिवसाला बारा षटकांच्या वर टाकू देऊ नका, कुणी सर कितीही सांगोत. कंबर दुखली तर तेल नाही, अस्थिरोगतज्ज्ञ. बारावी पूर्ण होईपर्यंत शाळा सोडायची नाही. सामन्यांची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये लावा. एवढं करूनही तो पुढे गेला, तर पुण्यामुंबईला न्यायला मीच येईन.

वडील थोडे नाराज दिसले. मुलगा चेंडू हातात फिरवत उंबऱ्यात उभा होता. आईने चहा ठेवला आणि कपाटातून एक कोरी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. "यात आधी काय लावायचं, ते सांगा," म्हणाली.